जामसावळीचा मारुती आडवा का?

आमच्या मोहगावात अर्धनारीश्वराच्या दर्शनाला आलेला बाहेरगावचा माणूस बहुतेक वेळा जामसावळीच्या मारुतीलाही जाऊन येतो. सौंसर भागातली ही दोन्ही ठाणी एका फेरीत होतात. पण जामसावळीच्या मूर्तीपुढं उभं राहिलं की मला दरवेळी एकच प्रश्न पडतो.

वेशीवरचा वीर मारुती म्हणजे उभा. हात उगारलेला, पायाखाली राक्षस. गावाची राखण करणाऱ्यानं उभं असावं, हा साधा हिशेब. जामसावळीत मात्र तो पिंपळाखाली चक्क आडवा आहे!

तसे निजलेले मारुती आणखीही आहेत. खुलताबादचा भद्रा मारुती रामाची भजनं ऐकता ऐकता भावसमाधीत गेला म्हणतात. प्रयागच्या संगमावरच्या मारुतीला पुराच्या दिवसांत गंगा न्हाऊ घालते. जामसावळीची कथा मात्र निराळी. मूर्ती आधी उभी होती, म्हणे. खाली गुप्तधन आहे या समजुतीनं काही जण ती हलवायला आले, तेव्हा देव आडवा झाला आणि मग कोणाच्यानं हलेना. मला यात झोप दिसत नाही. राखणदार दारात आडवा पडलाय, असंच वाटतं.

देवगडच्या गोंड राजांनंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नर्मदाखोऱ्यातले पेंढारी सातपुडा ओलांडून भोसल्यांच्या राज्यात लुटालूट करत. 1817-18 च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांना मोडून काढलं. असल्या दिवसांत माणूस पैसाअडका जमिनीत पुरणार, नाहीतर देवाच्या भरवशावर ठेवणार. कथा त्याच काळातली, असा माझा दावा नाही. पण पुरलेल्या धनाची आणि ते उकरणाऱ्यांची धास्ती ज्यांनी अनुभवली, त्यांनाच असा राखणदार सुचावा.

2023 मध्ये इथं ‘हनुमान लोक’चं भूमिपूजन झालं, आणि त्याच वर्षी सौंसर छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेलं. मोठं देवस्थान झालं की कथा फलकावर चढते आणि तिथं तिचं एकच रूप उरतं. 1956 च्या प्रांतरचनेत आपण मध्य प्रदेशात राहिलो, तरी या भागातल्या कितीतरी घरांत ती अजून मराठीतच सांगतात. मूर्ती हलवायला आले ते कोण, चोर की गावचेच? प्रत्येक घरचं उत्तर त्या घरच्या शब्दांत ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवं. सभासदांनी आपापल्या आजीपासून सुरुवात करावी.