पक्ष्यांचा, पावसाचा आवाज ‘स्टिरिओ’त कसा टिपतात? दोन माइक ठेवण्याच्या ५ पद्धती

सकाळी जंगलात डोळे मिटून उभं राहिलं तरी उजवीकडे ओढा वाहतोय, डावीकडे लांबवर कोकीळ ओरडतोय आणि डोक्यावर पानांची सळसळ सुरू आहे, हे आपल्याला कळतं. तोच आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ऐकला की सगळं एकाच जागी चेपल्यासारखं वाटतं. ओढा, पक्षी आणि वारा एकमेकांवर चढतात आणि जंगल हरवतं.

हा फरक फक्त महागड्या माइकमुळे पडत नाही. दोन माइक एकमेकांपासून किती अंतरावर आहेत आणि त्यांची तोंडं कुठे वळवली आहेत, यावर बरंच काही ठरतं. निसर्गातले आवाज टिपणारे यासाठी कोणत्या पद्धती वापरतात आणि कोणती कधी उपयोगी पडते, ते समजून घेऊया.

कानांना दिशा कळते कशी?

२० अंश तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी आणि डाव्या कानात थोडा उशिरा पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद इतकाच असतो, पण मेंदू तो पकडतो.

दुसरी खूण म्हणजे आवाजाची पातळी. मध्ये डोकं आडवं येत असल्याने लांबच्या कानाला आवाज थोडा हळू ऐकू येतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये या दोन खुणांची सांगड घालून दिशा ओळखण्याचा सिद्धांत मांडला.

खर्जातल्या आवाजांसाठी वेळेचा फरक जास्त कामाचा, तर बारीक, उंच आवाजांसाठी पातळीचा. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे ३.४ मीटर लांब असते आणि ती डोक्याला सहज वळसा घालते. ५००० हर्ट्झची लाट जेमतेम ७ सेंटीमीटरची असते, ती डोक्याआड अडते. अनेक छोट्या पक्ष्यांचा आवाज याच उंच पट्ट्यात असतो. त्यामुळे माइक मांडताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

स्टिरिओचा पाया घातला तो ‘ईएमआय’ कंपनीतले इंजिनीअर अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी. डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी दाखल केलेल्या पेटंटमध्ये दोन वाहिन्यांनी आवाजाची दिशा कशी जपायची, हे सांगितलं होतं. आज वापरात असलेल्या अनेक पद्धतींची मुळं तिथे सापडतात.

दोन माइक कसे मांडतात?

आधी माइकचे तीन प्रकार लक्षात ठेवा. ‘ओम्नी’ माइक चहूबाजूंचं सारखंच ऐकतो. ‘कार्डिऑइड’ समोरचं जास्त आणि मागचं अगदी कमी ऐकतो. ‘फिगर-एट’ पुढचं आणि मागचं ऐकतो, पण दोन्ही बाजूंचं जवळपास ऐकतच नाही.

१. एक्स-वाय: दोन कार्डिऑइड माइकची तोंडं एकावर एक, साधारण ९० अंशांच्या कोनात ठेवतात. हातात मावणाऱ्या अनेक रेकॉर्डरवर हीच मांडणी असते. दोन्ही माइक एकाच जागी असल्याने वेळेचा फरक पडत नाही, फक्त पातळीचा पडतो. तोही मर्यादितच. डाव्या माइकच्या अगदी समोरचा पक्षी उजव्या माइकला सुमारे ६ डेसिबल कमी ऐकू येतो, पूर्ण गायब होत नाही. म्हणून हे रेकॉर्डिंग नीटनेटकं पण थोडं अरुंद वाटतं.

२. ओआरटीएफ: फ्रान्सच्या सरकारी नभोवाणीच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी. यात दोन कार्डिऑइड १७ सेंटीमीटर अंतरावर आणि ११० अंशांच्या कोनात असतात. हे अंतर साधारण आपल्या दोन कानांमधल्या अंतराएवढं आहे. वेळ आणि पातळी या दोन्ही खुणा मिळत असल्याने आवाज मोकळा आणि ओळखीचा वाटतो. समोर ओढा किंवा पाणवठा आणि मागे रस्ता असेल, तर मागचं कमी ऐकणारे कार्डिऑइड इथे मदतीला येतात.

३. एबी: दोन ओम्नी माइक बऱ्यापैकी दूर ठेवतात. अंतर साधारण ४० ते ६० सेंटीमीटर, काही वेळा त्याहूनही जास्त. ओम्नी माइक खर्ज चांगला पकडतो आणि वाऱ्याने तुलनेत कमी फडफडतो. पावसाची झड, समुद्राची गाज, रात्रभर चालणारा बेडकांचा कोरस यांसाठी ही पद्धत छान. मात्र अंतर फारच वाढवलं तर आवाज दोन टोकांना जातो आणि मधली जागा रिकामी वाटते.

४. एम-एस: एक माइक समोर तोंड करून आणि त्याला चिकटून एक फिगर-एट आडवा. हे दोन्ही थेट डावे-उजवे नसतात. ‘मधला अधिक बाजूचा’ म्हणजे डावी वाहिनी आणि ‘मधला उणे बाजूचा’ म्हणजे उजवी, असं गणित नंतर करतात. फायदा असा की घरी आल्यावरही आवाजाचा विस्तार कमी-जास्त करता येतो. तोटा असा की फिगर-एट माइकला वारा फार लागतो.

५. मध्ये आडोसा: स्वित्झर्लंडचे ध्वनिअभियंते युर्ग येक्लिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तबकडीत दोन ओम्नी माइकच्या मध्ये आवाज शोषणारी गोल चकती असते. चकती डोक्याचं काम करते आणि उंच आवाज एका बाजूला अडवते. माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या पुतळ्यात कानांच्या जागी माइक बसवूनही रेकॉर्डिंग करतात, त्याला ‘बायनॉरल’ म्हणतात. खोडाच्या दोन बाजूंना छोटे ओम्नी माइक बांधले तर झाडच आडोसा होतं. कमी खर्चात सुरुवात करायची असेल तर हा चांगला मार्ग आहे.

फोनवर ऐकताना काय होतं?

सोशल मीडियासाठी रेकॉर्ड करणाऱ्यांनी हा मुद्दा सोडू नये. रील अनेकदा फोनच्या किंवा छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर वाजते. तिथे डावी-उजवी वाहिनी एकत्र होऊन ‘मोनो’ होऊ शकते.

एबी पद्धतीत माइक ५० सेंटीमीटर दूर असतील, तर थेट बाजूने आलेला आवाज दुसऱ्या माइकला सुमारे दीड मिलिसेकंद उशिरा मिळतो. दोन्ही एकत्र केले की ३४० हर्ट्झच्या आसपास, मग १०३० आणि १७१५ हर्ट्झच्या आसपास लाटा एकमेकींना खोडतात. आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो. एक्स-वायमध्ये हे होत नाही. एम-एसमध्ये तर बाजूच्या माइकची बेरीज-वजाबाकी शून्य होते आणि मधल्या माइकचा स्वच्छ आवाज उरतो. याउलट बायनॉरलची खरी मजा फक्त हेडफोनवर येते. म्हणून पोस्ट करण्याआधी एकदा मोनोमध्ये ऐकून पाहणं शहाणपणाचं.

माइक चांगला, तरी आवाज खराब का येतो?

पहिलं कारण वारा. झुळूकही माइकवर गडगडाटासारखी उमटते. साधा फोम उघड्यावर पुरत नाही, त्यावर केसाळ कव्हर लागतं.

दुसरं कारण माइकची स्वतःची खरखर. निसर्गातले आवाज फार हळू असतात. माइकच्या माहितीपत्रकात ‘सेल्फ नॉइज’ हा आकडा असतो. शांत जंगलासाठी तो १५ डेसिबलच्या खाली असावा, जितका कमी तितका चांगला.

तिसरं, अंतर. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने घटतो. योग्य जागा निवडली तर महागड्या माइकपेक्षा जास्त फरक पडतो. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी शीळकरी कस्तूराची शीळ टिपायची असेल, तर पाण्याचा खळखळाट सगळं झाकून टाकतो. तिथे ओढ्यापासून थोडं बाजूला सरकून, मध्ये एखादा मोठा दगड येईल अशी जागा शोधावी.

चौथं, दमट हवा. काही कंडेन्सर माइक ओलाव्यात चरचरतात. रेकॉर्डिंग नसेल तेव्हा ते सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवावेत.

सेटिंग ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट पुरेसं आहे. सर्वांत मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, इतकी पातळी ठेवावी. मग रेकॉर्डर सुरू करून माणसाने लांब जावं, कारण कपड्यांची सळसळ आणि श्वासही त्यात येतात.

एकच पक्षी हवा असेल तर?

स्टिरिओ परिसर टिपण्यासाठी असतो. एकाच पक्ष्याची ओळख पटवण्यासाठी मोनो रेकॉर्डिंग चालतं. त्यासाठी शॉटगन माइक किंवा वाडग्यासारखा पॅराबोलिक परावर्तक वापरतात.

पण एवढा खटाटोप कशासाठी?

१९३५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर अ‍ॅलन आणि पीटर पॉल केलॉग यांनी लुइझियानाच्या जंगलात ‘आयव्हरी-बिल्ड वुडपेकर’ या मोठ्या सुताराचा आवाज टिपला. पुढे ते जंगल तोडलं गेलं. हा पक्षी आज बहुधा नामशेष झाला आहे आणि त्याच्या आवाजाबद्दल जे नक्की माहीत आहे, ते बहुतांशी याच रेकॉर्डिंगमुळे.

म्हणूनच फाइलसोबत तारीख, वेळ, ठिकाण, हवामान आणि माइकची मांडणी लिहून ठेवावी. रेकॉर्डिंगच्या शेवटी हे सगळं तोंडी बोलून ठेवलं तरी चालतं. अभयारण्यात वनखात्याची परवानगी घ्यावी. घरट्याजवळ माइक लावू नये. पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी त्याचाच आवाज वाजवू नये, विशेषतः विणीच्या हंगामात. हद्दीत दुसरा पक्षी आला असं समजून तो पिल्लांना सोडून भांडायला धावतो.

सुरुवात कुठून करायची? हातातल्या रेकॉर्डरचं एक्स-वाय, एक केसाळ कव्हर, छोटा ट्रायपॉड आणि पहाटेची वेळ. घराजवळच्या टेकडीवर एकाच जागी दर महिन्याला १० मिनिटं रेकॉर्ड केलं, तर वर्षभरात तिथले कोणते आवाज वाढले आणि कोणते कमी झाले, ते स्वतःच्या कानांनी ऐकता येईल.