फाटकापासून मागापर्यंत

1856मध्ये कावसजी दावर यांची गिरणी ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा सारा पट्टा गिरणगाव झाला. कामगार गिरणीला खेटूनच राहिला, त्यामागे बदलीची पद्धत होती. बदली कामगाराने भल्या पहाटे फाटकावर हजर राहायचे; कोणाचा खाडा पडला तर जॉबर त्याला आत घेई. लांब राहणाऱ्याचा रोज बुडे. म्हणून भोंगा ऐकू येईल अशा अंतरावर एकेका खोलीत अनेकजण पाळीपाळीने झोपत. जॉबर आपल्याच मुलखातली, नात्यागोत्यातली माणसे भरी. त्यामुळे गाव, चाळ, खाणावळ आणि गिरणीतले खाते एकाच धाग्यात ओवले जाई. 1920च्या दशकात सरकारने बीडीडी चाळी बांधल्या, त्यातली खोली सुमारे 160 चौरस फुटांची.

घर ते फाटक हे अंतर सर्वांनाच पायी तोडता येई. फाटकाच्या आतले अंतर मात्र सर्वांना सारखे नव्हते.

'कुशल कामगार' हा शब्द भाषांतरात चटकन बसतो. कसब त्या माणसाच्या हातात आहे, असे तो सुचवतो. गिरणीत मात्र कसब शिकायला आधी त्या खात्यात पाऊल ठेवता यावे लागे. विणकाम हे चांगल्या मजुरीचे खाते. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून उष्ट्या-विटाळाचे कारण पुढे करून सवर्ण कामगार दलितांना मागावर येऊ देत नसत. त्यांच्या वाट्याला कमी मजुरीचे त्रासन खाते येई. इंग्रजीतल्या 'थ्रॉसल'चे कामगारांच्या तोंडी हे रूप झाले. परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी 1928च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. संपाच्या एकजुटीत ही बंदी तशीच राहणार असेल, तर ती एकजूट कोणाची, हा त्याचा रोख होता.

18 जानेवारी 1982ला सुरू झालेल्या संपानंतर भोंगे एकेक करून थांबले. गिरण्यांच्या जमिनीवर आता कार्यालयांचे मनोरे आहेत. तिथले तंत्रज्ञ डोंबिवली, विरारहून लोकलने येतात. शहराच्या अभ्यासात हे अंतर किलोमीटरमध्ये मोजले जाते, आणि ते मोजायलाच हवे. त्रासन खात्यापासून मागापर्यंतची चार पावले मात्र कोणत्याच नकाशावर आली नसती. आणि एका पिढीची मजुरी त्या चार पावलांनीच ठरवली.