ध्यानाला संगत वर्ज्य नाही

ध्यान हे एकट्याचे काम, असे आपल्याकडे इतक्या सहज म्हटले जाते की कुणी त्याला पुरावा मागत नाही. हा पूर्वपक्ष नीट मांडायचा तर असा: मन आवरायचे असेल तर माणसे टाळावीत. ध्यानात समुदाय शिरला की त्याचे भजन होते आणि प्रश्न शिरला की त्याची चर्चा होते. चंद्रपूरकडचा माणूस यासाठी साक्षीदारही घरचाच काढतो. तुकडोजी महाराज कोवळ्या वयात चिमूरकडच्या रामदिघी, गोंदोड्याच्या रानात एकटेच राहिले ना?

राहिले. पण साक्षीदाराची अर्धीच साक्ष नोंदवून भागत नाही. रानातून बाहेर पडल्यावर त्यांनी गावोगाव लावून दिले ते पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना. एकांताची चव ज्याला पुरती ठाऊक होती, त्यानेच गावाला एका सतरंजीवर बसवले. शिवाय ध्यानाची वेळ वेगळी, प्रार्थनेची वेगळी. ज्याने वेळा वेगळ्या ठेवल्या, त्याला ध्यान आणि भजन यांतला फरक कळत नव्हता असे कोण म्हणेल? आणि अशा बसण्याने माणसे थंडावतात म्हणावे, तर ऑगस्ट १९४२ मध्ये स्वातंत्र्यलढ्यात चिमूर पेटले आणि महाराज तुरुंगात गेले.

आता झेनकडे वळू, कारण एकांतवाद्यांना त्याचे मोठे आकर्षण. डोंगर, धुके आणि एकटा भिक्षू हे चित्र त्यांना पुरते. शब्द आपलाच आहे: संस्कृत ध्यान, पालीत झान, चीनमध्ये चान, जपानमध्ये झेन. पण तिथल्या मठात साधक बसतात ते ओळीने, एका छताखाली. घंटा एकाची, पण उठणे-बसणे सगळ्यांचे. झाडलोट, लाकूडफाटा, शेती हीही साधनाच मानलेली, आणि काम केले नाही त्या दिवशी जेवण नाही, हा दंडक बैजांग या चिनी आचार्याच्या नावावर सांगितला जातो. श्रमदानाला प्रार्थनेइतकेच मोल देणाऱ्या आमच्या भागाला यात परके काय वाटावे?

खरी मौज ‘कोआन’ या शब्दात आहे. कोआन म्हणजे झेन गुरू साधकापुढे ठेवतो तो प्रश्न. एका हाताच्या टाळीचा आवाज कसा, असे विचारणारा जपानी आचार्य हाकुइन अठराव्या शतकातला. अशा प्रश्नांमुळे लोक कोआनला कोडे समजतात. पण मूळ चिनी शब्द कचेरीतला आहे. त्याचा अर्थ सार्वजनिक प्रकरण, म्हणजे सरकारी दप्तरातला खटला. एकाच्या अनुभवाची नोंद सर्वांसाठी उघडी ठेवायची आणि पुढच्याने आपला अनुभव तिच्यावर तपासून घ्यायचा. तेराव्या शतकात वूमेन या चिनी आचार्याने अशी ४८ प्रकरणे एकत्र केली. पूर्वपक्षाचे एक म्हणणे मात्र मान्य करायला हवे: कोआनचे उत्तर साधक गुरूपुढे एकटाच जाऊन देतो, त्यावर गटात चर्चा होत नाही. उत्तर एकट्याचे खरे. पण प्रश्न सर्वांचा आणि बसणेही सर्वांचे.

प्रश्नाने मौन मोडते, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर गडचिरोलीत मिळते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावात अभ्यासगट बसतो. बाहेरचा जाणकारही तिथे येऊन बोलू शकतो. पण अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. बहुमत हात मोजून प्रश्न मिटवते. सर्वसहमतीत एकाची शंका उरली तरी प्रश्न जिवंत राहतो, गाव तो पुन्हा पुन्हा घेऊन बसते. याच गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मेंढ्याचा अभ्यासगट म्हणजे झेन, असे मी म्हणत नाही. तिथल्या प्रश्नांना उत्तरे असतात, कोआनला तशी नसतात. पण शंका पिकेपर्यंत न मिटवण्याची शिस्त दोन्हीकडे एकच आहे. आणि चर्चेत नेमकी हीच शिस्त नसते. तिथे प्रत्येक जण उत्तर घेऊनच आलेला असतो.

म्हणजे आमच्या जंगलपट्ट्यात दोन्ही गोष्टी आधीच आहेत: एकत्र बसणे चिमूरकडे, एकत्र विचारणे धानोऱ्याकडे. उद्या इथे कुणी झेनचा गट काढला तर त्याला परदेशी चैन म्हणण्याआधी एवढे आठवावे.

आणि एक. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. ती कुणा एकट्याला गुहेत दिली नाही, जमलेल्या लोकसमुदायाला दिली. त्या दीक्षेत तीन शरणे आहेत, आणि तिसरे संघाला आहे. ज्याला एकट्याने ध्यान करायचे त्याने खुशाल करावे. फक्त त्याला बुद्धाचा आधार देऊ नये.