वुडी सेझ : लोकगायक वुडी गथ्रीवरील संगीत-नाट्य

वुडी सेझ : अमेरिकन लोकगायक व गीतकार वुडी गथ्री (१४ जुलै १९१२ – ३ ऑक्टोबर १९६७) याच्या जीवनावर, त्याचीच गीते आणि त्याचेच गद्य लेखन गुंफून रचलेले चरित्रपर संगीत-नाट्य. नट व वादक डेव्हिड लुटकेन याने दिग्दर्शक निक कॉर्ली याच्या साहाय्याने ते सिद्ध केले. डार्सी डेव्हिल, हेलन जीन रसेल व अँडी टायरस्टाइन या वादक-कलावंतांचाही त्याच्या घडणीत वाटा होता. एडिंबरो येथील फ्रिंज महोत्सवात, म्हणजे मुख्य कलामहोत्सवाच्या बरोबरीने भरणाऱ्या आणि कोणत्याही मंडळीला स्वखर्चाने प्रयोग लावता येतील अशा खुल्या मेळ्यात, २००७ साली ते प्रथम रंगभूमीवर आले. पुढे २०११ मध्ये लंडनच्या आर्ट्स थिएटरमध्ये आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या आयरिश रेपर्टरी थिएटरमध्ये त्याचे प्रयोग झाले. नाट्याचे नाव गथ्रीच्या वृत्तपत्रीय सदरावरून घेतलेले आहे. कॅलिफोर्नियातील ‘पीपल्स वर्ल्ड’ या कम्युनिस्ट दैनिकात १९३९-४० च्या सुमारास तो मुद्दाम अशुद्ध, बोलीतल्या उच्चाराप्रमाणे लिहिलेल्या इंग्रजीत राजकारणावर खुसखुशीत टिपणे लिहीत असे.

एका कलावंताची आधीच लोकप्रिय असलेली गाणी कथासूत्रात ओवून उभ्या केलेल्या प्रयोगाला पाश्चात्त्य रंगभूमीवर ‘ज्यूकबॉक्स म्यूझिकल’ असे काहीसे हेटाळणीचे नाव आहे. नाणे टाकताच हवी ती तबकडी वाजवणाऱ्या यंत्रावरून ते पडले. अशा प्रयोगांत गाणे एकीकडे आणि कथा दुसरीकडे अशी फारकत बहुधा होते, कारण ती गाणी मुळात कोणत्याही पात्राच्या तोंडी घालण्यासाठी लिहिलेली नसतात. गथ्रीच्या बाबतीत ही अडचण फारशी येत नाही. त्याची बरीचशी गीते एखाद्या बेघर शेतमजुराच्या, बुडालेल्या बोटीवरील खलाशांच्या किंवा संपकरी खाणकामगाराच्या बाजूने बोलतात, म्हणजे ती जन्मतःच नाट्यात्म स्वगते किंवा आख्याने आहेत. जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरीवरील चित्रपट पाहून त्याने १९४० मध्ये रचलेले तिचा नायक टॉम जोड याच्यावरील कवन इतके लांबले, की ध्वनिमुद्रण करताना ते तबकडीच्या दोन बाजूंवर विभागावे लागले. त्याची चाल मात्र ‘जॉन हार्डी’ या जुन्या लोकगीताची होती.

परिचित चालीवर नवे शब्द बसवणे ही गथ्रीची नेहमीची रीत होती आणि ती तो लपवतही नसे. कार्टर कुटुंब या अमेरिकन लोकगायक मंडळीच्या भक्तिगीतांतून व प्रेमगीतांतून त्याने अनेक चाली उचलल्या. जर्मन पाणबुडीने ऑक्टोबर १९४१ मध्ये बुडवलेल्या ‘रूबेन जेम्स’ या अमेरिकन विनाशिकेवरील त्याचे गीत त्यांच्या ‘वाइल्डवूड फ्लॉवर’च्या चालीवर बेतलेले आहे. किर्लोस्करी वळणाच्या नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून जुन्या पदाचा निर्देश करण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात उसनवारीपेक्षा सोय अधिक दिसेल, कारण ऐकणाऱ्याच्या कानात चाल आधीच असल्याने शब्द पहिल्याच फेरीत पोचतात आणि धृपद धरायला सभेला वेळ लागत नाही. त्याचे गिटारवादनही कार्टर घराण्याच्या वळणाचे होते : अंगठ्याने खर्जाच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि त्याच वेळी उरलेल्या बोटांनी बारीक तारा छेडून लय भरायची, म्हणजे एकाच वाद्यावर गाणे व ठेका दोन्ही उभे राहतात. एकट्याने रस्त्यावर, रेल्वेच्या डब्यात किंवा संपाच्या सभेत गाणाऱ्याला ही पद्धत सोयीची होती.

‘वुडी सेझ’ची मांडणी या साधेपणाला धरून आहे. रंगमंचावर चारच कलावंत असतात आणि तेच नट, गायक व वादक असतात; स्वतंत्र वाद्यवृंद नसतो. गिटार, फिडल, बँजो, मँडोलिन, माउथ ऑर्गन, ऑटोहार्प, डल्सिमर, डबल बास अशी वाद्ये या चौघांच्या हातांतून फिरत राहतात. फिडल म्हणजे व्हायोलिनच, परंतु ग्रामीण नृत्यसंगीताच्या ढंगाने वाजवलेले. मुख्य नट गथ्री होऊन निवेदन करतो, उरलेले तिघे आई, बहीण, मजूर, रेडिओचे अधिकारी अशा भूमिका घेतात व सोडतात. नेपथ्याला दुय्यम स्थान आहे. कथन साधारणपणे कालक्रमाने जाते आणि निवेदनाचा मोठा भाग गथ्रीच्या स्वतःच्या शब्दांचा असतो.

गथ्रीच्या चरित्राची सामग्री विलक्षण करुण आहे. ओक्लाहोमा राज्यातील ओकीमा या गावी त्याचा जन्म झाला. वडील जमिनींचे व्यवहार व स्थानिक राजकारण करीत. तो सहा वर्षांचा असताना थोरली बहीण क्लारा भाजून मरण पावली, आईला मनोरुग्णालयात ठेवावे लागले व तेथेच १९३० मध्ये ती वारली. तिचा विकार हंटिंग्टन रोग होता, असे पुढे स्पष्ट झाले. मज्जासंस्थेचा हा आनुवंशिक रोग हालचालींवरील ताबा, बुद्धी व स्वभाव हळूहळू पोखरतो आणि रोगी व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. वुडीलाही तो झाला.

तरुणपणी तो टेक्ससमधील पँपा येथे होता. बेसुमार नांगरट आणि त्यानंतरचे दीर्घ अवर्षण यांमुळे मैदानी प्रदेशाची माती उडून जाऊ लागली होती आणि १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीची एवढी प्रचंड भिंत गावावर चालून आली, की दिवसा दिवे लावूनही काही दिसेना व जग बुडाले असे समजून लोक एकमेकांचा निरोप घेऊ लागले. त्याच्या सर्वांत प्रसिद्ध निरोपगीतामागे हाच अनुभव आहे, आणि त्या गाण्याचा सूर रडका नसून मिस्कील आहे, हे त्याच्या प्रतिभेचे मर्म म्हणता येईल. कॅलिफोर्नियाकडे लोटलेल्या निर्वासित शेतकऱ्यांमागून तोही गेला, लॉस एंजेलिसच्या केएफव्हीडी या नभोवाणी केंद्रावर गाऊ लागला, १९४० मध्ये न्यूयॉर्कला पोचला. पुढच्या वर्षी बॉनव्हिल वीज प्रशासनाने कोलंबिया नदीवरील धरणांच्या प्रचारासाठी त्याला महिनाभर नोकरीवर घेतले. २६६ डॉलर ६६ सेंट एवढ्या वेतनात त्याने २६ गाणी लिहून दिली. सरकारी खात्याच्या पदरी इतके स्वस्त आणि इतके टिकाऊ काव्य क्वचितच पडले असेल.

‘वुडी सेझ’ हा गथ्रीला रंगमंचावर आणण्याचा पहिला प्रयत्न नव्हे. त्याच्या मुलांच्या साहाय्यार्थ न्यूयॉर्कच्या पिथियन हॉलमध्ये मार्च १९५६ मध्ये झालेल्या कार्यक्रमासाठी मिलर्ड लँपेल याने गीते व उतारे जोडून संहिता तयार केली होती. आजारी गथ्री स्वतः सज्जात बसलेला होता आणि शेवटी सारे सभागृह त्याच्याकडे वळून त्याचेच गाणे गात होते. पुढील सगळ्या चरित्रप्रयोगांचा साचा येथेच पडला. त्याच्या मृत्यूनंतर १९६८ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये व १९७० मध्ये हॉलिवूड बोल येथे झालेल्या स्मृतिमैफलींतही निवेदन आणि गाणी अशीच वीण होती. पहिल्या मैफलीत बॉब डिलनने गायन केले. लोकगायक टॉम ग्लेझर याचा मुलगा पीटर ग्लेझर याने १९८८ मध्ये ‘वुडी गथ्रीज अमेरिकन साँग’ रचले, त्यात मात्र गथ्रीची भूमिका एकाच नटाकडे न ठेवता अनेकांत वाटून दिली. ही युक्ती अधिक धाडसी आहे. ‘वुडी सेझ’ला एका गायकाच्या व्यक्तिमत्त्वाचा आधार मिळतो, त्यामुळे ते अधिक लोभस होते आणि थोडे सोपेही.

सोपेपणा खटकतो तो दोन ठिकाणी. गथ्रीचा अडाणी, खेडवळ, मनमोकळा फटिंग हा अवतार बराचसा त्याने स्वतः घडवलेला होता; तो झपाटून वाचणारा, राजकीयदृष्ट्या जागरूक आणि पहिल्या बायकोला तीन मुलांसह वारंवार मागे टाकून निघून जाणारा माणूस होता. नायकाचा गौरव हाच हेतू असलेल्या प्रयोगात हा अवतार बहुतांशी खराच धरला जातो. दुसरे असे, की ‘धिस लँड इज युअर लँड’ हे त्याचे गीत, जे त्याने फेब्रुवारी १९४० मध्ये गीतकार अर्व्हिंग बर्लिनच्या ‘गॉड ब्लेस अमेरिका’ या देशभक्तिगीताला उत्तर म्हणून लिहिले, शाळाशाळांतून देशभक्तिगीत म्हणून गायले जाते तेव्हा त्यातील खाजगी मालमत्तेवरील आणि मदतकेंद्रापुढील उपाशी रांगेवरील कडवी सहसा गाळली जातात. जानेवारी २००९ मध्ये बराक ओबामा यांच्या शपथविधीच्या निमित्ताने लिंकन स्मारकापुढे गथ्रीचा जुना साथीदार पीट सीगर व गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी ती मुद्दाम गायली. गथ्रीवरील कोणत्याही प्रयोगाची कसोटी ही कडवी कशी गायली जातात यावर घेता येते, कारण त्यांच्याविना उरतो तो गोड आवाजाचा भटक्या, आणि गिटारवर ‘हे यंत्र फॅसिस्टांना मारते’ असे लिहून हिंडणारा गथ्री निसटतो.

प्रयोग संपल्यावर पुष्कळदा ‘हूटेनॅनी’ भरते : प्रेक्षक आपापली वाद्ये घेऊन येतात व कलावंतांबरोबर गातात. अशा सामुदायिक गाण्याच्या बैठकांना हे नाव सिअ‍ॅटलच्या राजकीय कार्यकर्त्यांत रूढ होते. १९४१ मध्ये तेथे गेलेल्या गथ्री व सीगर यांनी ते उचलून न्यूयॉर्कला आणले. नाट्याचा हा शेवटचा, संहितेबाहेरचा भागच गथ्रीच्या मूळ वृत्तीला सर्वाधिक जवळचा आहे.