सेंट विथ : हातचा गेलेला चौक, हाती आलेले दिवस

'बॅण्ड ऑफ ब्रदर्स' पाहिलेल्यांना बास्तोन ठाऊक असतं. डिसेंबर १९४४, आर्देनचं जंगल, बर्फ, वेढ्यात अडकूनही न पडलेलं गाव. तिथून चाळीसेक किलोमीटरवर ईशान्येला सेंट विथ आहे. हे गाव पडलं, म्हणून त्याची मालिका झाली नाही.

नकाशा पाहिला की गावाचं महत्त्व लगेच कळतं. आर्देनमध्ये डोंगर, झाडी आणि चिखल. रणगाडा कुठेही जातो असं आपल्याला वाटतं, पण त्याच्यामागे येणारे पेट्रोलचे नि दारूगोळ्याचे ट्रक रस्त्यावरूनच येतात. आणि इथले पाच-सहा पक्के रस्ते व रेल्वे सेंट विथमध्येच एकत्र येत. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा बॉटलनेक.

१६ डिसेंबरला जर्मन हल्ला सुरू झाला. जनरल मांटॉयफेलला सेंट विथ १७ तारखेच्या संध्याकाळपर्यंत हवं होतं. त्याच दिवशी अमेरिकेच्या सातव्या आर्मर्ड डिव्हिजनचा ब्रिगेडियर जनरल ब्रूस क्लार्क गावात पोचला होता, पण त्याचे रणगाडे मागे वाहतूक कोंडीत अडकले होते. समोरून माघार घेणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरलेला. शेवटी क्लार्क स्वतः चौकात उभा राहिला आणि वाहतूक पोलिसासारखा गाड्या हाकू लागला.

या उशिराची किंमत मोठी होती. गावाच्या पूर्वेला १०६व्या डिव्हिजनच्या दोन रेजिमेंट वेढल्या गेल्या होत्या. त्यांना सोडवायला जाणं जमलंच नाही. १९ तारखेला हजारो सैनिक शरण गेले. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला कर्ट व्हॉनेगट त्यांतलाच एक.

उरलेल्यांनी गावाभोवती घोड्याच्या नालेसारखी फळी धरली. क्लार्कने जमिनीचा हट्ट धरला नाही. रेटा वाढला की थोडं मागे सरकायचं, शत्रूला पुन्हा मांडामांड करायला लावायची, त्यात त्याचा वेळ खायचा. २१ तारखेच्या रात्री टायगर रणगाड्यांनी प्रकाशगोळे उडवून शर्मनमधल्या जवानांचे डोळे दिपवले, त्याच उजेडात त्यांना टिपलं, आणि गाव पडलं. ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा.

गंमत पुढेच आहे. चौक हाती येताच जर्मन तुकड्यांची त्यात इतकी गर्दी झाली की फील्ड मार्शल मोडेललाही गाडीतून उतरून पायी गावात शिरावं लागलं. तिकडे २३च्या पहाटे थंडीने चिखल गोठला आणि अमेरिकी रणगाडे त्या कडक जमिनीवरून साल्म नदीपलीकडे निसटले.

इथेच थांबलो तर ही हुशारीची गोष्ट होईल. पण चौक आता शत्रूचा होता, म्हणजे तो मोडणं भाग होतं. २६ डिसेंबरला ब्रिटिशांच्या जवळजवळ तीनशे विमानांनी सेंट विथवर बॉम्ब टाकले. जर्मन सैनिकांबरोबर गावकरीही मेले. जर्मन बोलणारं हे गाव १९२०मध्ये बेल्जियमला मिळालं होतं, १९४०मध्ये हिटलरने परत घेतलं होतं. दोन्ही वेळा गावाला कुणी धडपणे विचारलं नव्हतं. २३ जानेवारी १९४५ला सातवी आर्मर्ड डिव्हिजन परतली, तेव्हा तिथे ढिगारे होते.

त्या चार दिवसांनी जर्मनांचं वेळापत्रक कोलमडलं, हे खरंच. मला मात्र नकाशावरचा तो ठिपका बघताना आता फक्त बॉटलनेक दिसत नाही. तिथे घरं होती. सगळे रस्ते आपल्या दारात येतात, एवढाच त्यांचा गुन्हा.