ग्रोबनर आधार

ग्रोबनर आधार हा बहुपदींचा एक विशिष्ट संच असून त्याच्या साहाय्याने अनेक चलांतील बहुपदी समीकरणे संगणकावर अचूकपणे सोडवता येतात. ऑस्ट्रियन गणितज्ञ ब्रुनो बुखबर्गर यांनी १९६५ च्या पीएच.डी. प्रबंधात तो काढण्याचा अल्गोरिदम मांडला. पुढे त्यांनी या संचाला आपले मार्गदर्शक वोल्फगांग ग्रोबनर यांचे नाव दिले.

या अल्गोरिदममध्ये दोन-दोन बहुपदी योग्य पदांनी गुणून वजा करतात व त्यांची अग्रपदे नाहीशी करतात. आलेल्या बहुपदीला संचातील बहुपदींनी भागून बाकी उरल्यास ती संचात मिळवतात. कोणत्याही जोडीपासून बाकी उरेनाशी झाली की प्रक्रिया संपते.

उदाहरणार्थ, क्ष² + य² = २५ आणि क्ष + य = ७ या समीकरणांचा, क्ष ला अग्रक्रम दिल्यास, क्ष + य − ७ आणि य² − ७य + १२ असा आधार मिळतो. दुसऱ्या बहुपदीत एकच चल असल्याने प्रथम य = ३ किंवा ४, व त्यावरून अनुक्रमे क्ष = ४ किंवा ३ मिळते. संमिश्र संख्यांतही सामाईक उकल नसल्यास संक्षिप्त आधारात केवळ १ उरतो.

मॅपल, मॅथेमॅटिका, सिंग्युलर इत्यादी प्रणालींत ही सुविधा आहे. तथापि चलांची संख्या व घातांक वाढल्यास लागणारा वेळ आणि स्मृती प्रचंड वाढू शकतात. म्हणून पदांच्या क्रमाची निवड महत्त्वाची ठरते.