तळीराम : एका विशेषनामाचे सामान्यनाम

नाटकातील एखादे पात्र रंगमंचावरून उतरून लोकव्यवहारात शिरले, याचा भाषेत सापडणारा निःसंदिग्ध पुरावा म्हणजे त्याच्या विशेषनामाचे सामान्यनाम होणे. मराठीत हे भाग्य फार थोड्या नावांच्या वाट्यास आले. देवलांच्या ‘संशयकल्लोळा’ने (१९१६) आपले शीर्षक राजकीय वार्ताहरांच्या स्वाधीन केले, हे खरे, परंतु ‘तळीराम’ त्याच्याही पुढे गेला. ३१ डिसेंबरच्या आगेमागे वृत्तपत्रे ‘तळीरामांवर कारवाई’ असे छापतात, तेव्हा त्या अनेकवचनी रूपामागे कोणी एक पात्र होते याची आठवणही वाचकास होत नाही.

या शब्दाचे जनकत्व नागपूरच्या परिसराशी निगडित आहे. सदरमधून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याने सावनेर लागते. तेथे २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी निवर्तले. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास २० फेब्रुवारीस केला, म्हणजे तळीरामास प्रेक्षकांसमोर उभा राहिलेला त्याच्या कर्त्याने कधी पाहिलाच नाही. गडकरी ज्यांना गुरुस्थानी मानीत, ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर मूळ नागपूरचेच (जन्म १८७१), आणि मद्यपानाचा विषय त्यांनी ‘मूकनायक’ (१९०१) नाटकात हाताळला होता. शिष्याने त्यास शोकांतिकेची जोड दिली. विनोद मात्र सोडला नाही.

‘आर्य मदिरा मंडळा’चे प्रवेश या दृष्टीने पुन्हा वाचावेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रात सभा, मंडळ्या व समाज यांचे पीक आले होते. अध्यक्षांची सूचना, तिला अनुमोदन, ठराव, नियम, आभार असे त्यांचे संस्कृतप्रचुर गद्य श्रोत्यांच्या कानांत पक्के बसलेले होते. गडकऱ्यांनी ती भाषा जशीच्या तशी ठेवली, केवळ तिच्या आतील प्रयोजन बदलले. सुधारकाच्या मुखात शोभणारी वाक्यरचना मद्यप्याच्या मुखात घालताच भाषा तीच राहते, पण प्रतिष्ठा गळून पडते. येथे थट्टा मद्याची की सभेची, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. दोहोंची, असेच उत्तर द्यावे लागते. आणि सभेची थट्टा अधिक टिकाऊ ठरली, असे माझे मत आहे. आजही एखाद्या पोकळ ठरावास हसताना आपण नकळत त्या मंडळाच्या प्रेक्षकांत बसलेले असतो.

याची किंमत मात्र दुसऱ्याच कोणी मोजली. नाटकात वकील सुधाकराची सनद तहकूब होते, तेव्हा त्याच्या हाती पहिला पेला देणारा त्याचा कारकून तळीरामच आहे; सिंधूच्या संसाराचा नाश तेथून सुरू होतो. रूढ शब्दातून हा अर्थ साफ गळाला आहे. ‘दारुडा’ शब्दात तिरस्कार आहे, ‘मद्यपी’त पोलिसी कोरडेपणा आहे, ‘तळीरामा’त जवळजवळ लाड आहे. ‘सुधाकर’ सामान्यनाम झाला नाही, कारण शोकनायक ही व्यक्ती असते व विनोदी पात्र हा नमुना असतो, आणि भाषा नमुनाच उचलते. ‘सिंधू’ तर केवळ आदर्श पत्नीचा दाखला म्हणून उरली. याचा दोष गडकऱ्यांस देणारे टीकाकार मला पटत नाहीत. त्यांनी दोन्ही पात्रे एकाच नाटकात बांधली होती; ती सोडवून घेतली आपण.

हा भेद केवळ कोशकारांपुरता नाही. वर्ध्यात दारूबंदी होतीच, गडचिरोलीत ती १९९३ साली आली. चंद्रपूर जिल्ह्यासाठी तीच मागणी घेऊन २०१० साली हजारो स्त्रिया चिमूरहून पायी चालत नागपूरच्या विधानभवनापाशी, म्हणजे आमच्या सदरच्या शेजारी, येऊन ठेपल्या. तेथे बंदी २०१५ साली झाली व २०२१ साली उठली. बंदीमुळे दारू खरोखर थांबते काय, हा वाद अर्थशास्त्र्यांनी सोडवावा. परंतु वादाची भाषा तपासली, तर चालत आलेल्या त्या स्त्रियांसाठी मराठीजवळ असा एकही सुटसुटीत शब्द नव्हता; आणि ज्यांच्यामुळे त्या चालत आल्या, त्यांच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचा हसरा शब्द मथळ्यात तयार होता.